हें गीत कोणाचें ?

कांहीं गीतें अशीं असतात, कीं त्यांना कोणी कर्ता असेल असें मनांतच येत नाहीं. पहांटेच्या वाऱ्याला किंवा कोंबड्याच्या आरवण्याला जसा कोणी कर्ता पुसत नाहीं, तसेंच त्यांचें असतें. तीं घरांत असतात, ओठांवर असतात, आणि आपण मोठे झालों कीं आपल्या मुलांच्या तोंडीं आपोआप जातात. नाताळांत आमच्या शाळेंत दरवर्षीं गाइलें जाणारें ‘सायलेंट नाइट’ हें गीत अशांपैकींच एक होय. मोठ्या वर्गांतील मुलें तें इंग्रजींत म्हणतात, लहान वर्गांतील मुलें मराठींत म्हणतात, आणि ज्यांच्या घरीं नाताळ होत नाहीं तीं मुलेंही तें तितक्याच गोडीनें म्हणतात. गेल्या वर्षीं एका मुलानें आम्हांस विचारलें, “सर, हें गाणें कोणाचें ?” प्रश्न लहान होता, परंतु त्याचें उत्तर तालमीच्या घाईंत देण्यासारखें नव्हतें. तें ह्या वार्षिकाच्या पानांतून सावकाश द्यावें, असें आम्हीं योजिलें.

तत्पूर्वी आमच्या घरची एक हकीकत सांगतों. आमचें गांव पिंपळगाव रेणुकाई. भोकरदन तालुक्यांतील हें गांव रेणुकाईच्या नांवानें आणि हिरव्या मिरचीच्या बाजारानें सर्वांस ठाऊक आहे. आमच्या लहानपणीं तेथें आमच्यासारखीं घरें बोटांवर मोजण्याइतकीं होतीं, आणि नाताळची उपासना आमच्या ओसरीवर होई. आमच्या आईस अक्षरओळख नव्हती. ह्या गीताचीं पहिलीं दोन कडवीं तिला पाठ होतीं. तिसऱ्याच्या जागीं ती स्वतः जुळविलेल्या दोन ओव्या त्याच चालीवर बसवून म्हणत असे. गीत तिला सासूकडून मिळालें होतें, म्हणून तें सासूबाईंचेंच, अशी तिची पक्की समजूत होती. कॉलेजांत असतांना आम्हीं ह्या गीताची कथा प्रथम वाचली आणि सुटींत घरीं आल्यावर तिला सांगितलें, कीं हें गीत दूर ऑस्ट्रिया देशांतील दोघांनीं केलेलें आहे. ती गहूं निवडीत होती. मांडीवरचें सूप खालीं न ठेवतां ती म्हणाली, “असंल बाबा. पण त्येंनी कुणासाठी केलं व्हतं ?”

मुलाचा प्रश्न ‘कोणाचें’ असा, आणि आईचा प्रश्न ‘कोणासाठीं’ असा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावांचून पुरें होत नाहीं, हें पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम शब्द ज्यानें लिहिले त्याच्याविषयीं. त्याचें नांव योसेफ मोर. त्याचा जन्म साल्झबर्ग शहरीं इ. स. १७९२ च्या डिसेंबरच्या ११ व्या तारखेस झाला. आई आना शॉयबर ही विणकाम करून पोट भरणारी गरीब बाई होती. बाप फौजेंतील शिपाई होता आणि तो फौज सोडून पळून गेलेला होता. आईबापांचें लग्न झालेलें नव्हतें. अशा मुलाकडे त्या काळचा समाज कोणत्या दृष्टीनें पाही, हें सांगावयास नको. आजही आपल्याकडे शाळेच्या पटावर बापाचें नांव सांगतांना अडखळणाऱ्या मुलाची काय अवस्था होते, हें आम्ही शिक्षक जाणतों. परंतु साल्झबर्गच्या मुख्य मंदिरांतील हीर्नले नांवाच्या एका धर्मगुरूनें त्या मुलाचा गळा आणि बुद्धि हेरली, त्याला आपल्या आश्रयास घेतलें आणि शिकविलें. पुढें धर्मगुरूची दीक्षा घेण्यासाठींही जन्माच्या ह्या कारणामुळें मोरला वेगळी परवानगी मिळवावी लागली. ती मिळाली, आणि १८१५ मध्यें त्याला दीक्षा मिळाली. पुढें त्याची नेमणूक डोंगराळ प्रदेशांतील मारियाफार ह्या गांवीं साहाय्यक धर्मगुरु म्हणून झाली. तेथेंच १८१६ मध्यें त्यानें सहा कडव्यांची एक कविता लिहिली.

तें वर्ष कसें होतें हें ध्यानांत घेतलें पाहिजे. नेपोलियनचीं युद्धें नुकतींच संपलीं होतीं. साल्झबर्गचा मुलूख त्या धामधुमींत या हातांतून त्या हातांत जात राहिला होता आणि १८१६ मध्यें ऑस्ट्रियाच्या ताब्यांत आला होता. त्याच्या आदल्या वर्षीं, एप्रिल १८१५ मध्यें, पूर्वेकडील सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याच्या धुराळ्यानें सूर्याचें तेज मंदावलें, आणि १८१६ चा उन्हाळा युरोपांत आलाच नाहीं, असें इतिहासकार लिहितात. पिकें बुडालीं आणि अन्न महाग झालें. दुष्काळ म्हणजे काय हें मराठवाड्यांतील वाचकांस वेगळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. अशा वर्षीं ह्या तरुणानें शांतीचें गीत लिहिलें. त्याच्या चौथ्या कडव्यांत, जें आज फारसें कोणी गात नाहीं, ख्रिस्त जगांतील सर्व लोकांना भावासारखा कवटाळतो अशी कल्पना आहे. पोटभर जेवलेल्या मनुष्याला ही कल्पना नुसती गोड वाटेल. युद्धानें आणि उपासमारीनें गांजलेल्या मनुष्यास ती भाकरीइतकी निकडीची वाटली असेल.

१८१७ मध्यें मोरची बदली साल्झाख नदीच्या कांठच्या ओबर्नडॉर्फ ह्या गांवीं झाली. तेथील वस्ती बहुतेक नावाड्यांची. नदीतून मिठाची वाहतूक करून ते पोट भरीत. परंतु १८१६ मध्यें ती नदीच दोन राज्यांची सीमा ठरली. पलीकडच्या तीरावरील लाउफेन हें मूळ शहर बव्हेरियांत गेलें, अलीकडची वस्ती ऑस्ट्रियांत राहिली, आणि कालपर्यंत एक असलेल्या गांवाचे दोन तुकडे झाले.

चाल बांधणारा दुसरा मनुष्य म्हणजे फ्रांत्स ग्रूबर. त्याच्याविषयीं लिहितांना आम्हांस विशेष आनंद होतो, कारण तो आमच्याच पेशाचा होता. तो १७८७ मध्यें एका विणकऱ्याच्या घरीं जन्मला. मुलानें मागावर बसावें अशी बापाची इच्छा होती. परंतु गांवच्या शिक्षकानें त्याला संगीत शिकविलें आणि मुलगा पंतोजी झाला. १८०७ पासून तो ओबर्नडॉर्फच्या शेजारच्या आर्न्सडॉर्फ ह्या खेड्यांत शाळा चालवीत होता, आणि १८१६ पासून ओबर्नडॉर्फच्या सेंट निकोलस मंदिरांत ऑर्गन वाजविण्याचें कामही करीत होता. असें एकाच मनुष्यानें दोन कामें करून संसार चालविणें हें खेड्यांतील शिक्षकाला कोणत्याही देशांत नवें नाहीं.

इ. स. १८१८ च्या डिसेंबरची २४ वी तारीख. त्या दिवशीं मोरनें आपली दोन वर्षांपूर्वीची कविता ग्रूबरच्या हातीं दिली आणि दोन गळ्यांसाठीं, मागें लहानसा गायकवृंद धरून, गिटारच्या साथीनें म्हणतां येईल अशी चाल बांधून देण्यास सांगितलें. ग्रूबरनें त्याच संध्याकाळीं चाल करून आणून दिली, आणि त्याच रात्रीं ती नाताळच्या उपासनेंत गाइली गेली. मोर वरच्या सुरांत गाई आणि गिटार छेडी, ग्रूबर खालच्या सुरांत गाई, आणि प्रत्येक कडव्याची अखेर गायकवृंद उचलून धरी. ऐकणाऱ्यांना गीत आवडलें, एवढेंच ग्रूबरनें पुढें लिहून ठेविलें आहे.

आमच्या आईच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. हें गीत जगासाठीं केलेलें नव्हतें. एका संध्याकाळपासून त्याच मध्यरात्रीपर्यंत एवढाच अवकाश. समोर बसणारे लोक म्हणजे नावाडी, त्यांच्या बायका आणि त्यांचीं मुलें. हाताशीं एक गिटार आणि दोन गळे. ज्यांचीं नांवेंही आज कोणास ठाऊक नाहींत अशा त्या लोकांना त्या एका रात्रीं गोड वाटावें, एवढाच त्यामागील हेतु होता.

येथें बालवाचकांस एक गोष्ट सांगून ठेवतों. कित्येक पुस्तकांत अशी कथा आढळते, कीं उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला, ऑर्गन मुका झाला, आणि म्हणून ऐन वेळीं गिटारवर भागवावें लागलें. ही कथा फार लोकप्रिय आहे. नाताळच्या नाटुकल्यांत उंदीर होऊन नाचावयास लहान मुलांस फार आवडतें, हेंही आम्हांस ठाऊक आहे. परंतु ग्रूबरनें स्वतःच्या हातानें लिहिलेल्या हकीकतींत बिघडलेल्या ऑर्गनचा उल्लेखही नाहीं. कथा गोड असली म्हणजे ती खरी असतेच असें नाहीं. जो मनुष्य त्या रात्रीं तेथें होता तो काय लिहितो, हें आधीं पाहावें. मग इतरांचें ऐकावें. इतिहासाच्या तासाला आम्ही जें वारंवार सांगतों, त्याचें ह्याहून सोपें उदाहरण मिळणें कठीण.

आतां हें गीत त्या गांवाबाहेर कसें पडलें तें पाहूं. त्सिलर नदीच्या खोऱ्यांत कार्ल माउराखर नांवाचा ऑर्गन बांधणारा कारागीर राहत असे. ओबर्नडॉर्फच्या ऑर्गनच्या कामानिमित्त त्याचें तेथें जाणें-येणें होतें; त्याच्यामार्फत गीताची नक्कल त्या खोऱ्यांत पोंचली. तेथें श्ट्रासर नांवाचें हातमोजे विकणारें एक कुटुंब होतें. हिवाळ्यांत हीं भावंडें आपला माल घेऊन दूरच्या जत्रांना जात, आणि गिऱ्हाइकें जमावीं म्हणून गात. १८३२ च्या सुमारास लाइप्त्सिग शहरीं त्यांच्या तोंडून हें गीत लोकांनीं ऐकलें, आणि लौकरच तें ‘तिरोलकडचें गाणें’ म्हणून छापलें गेलें. त्याच खोऱ्यांतील राइनर नांवाचें दुसरें गाणारें कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेस गेलें, आणि १८३९ मध्यें न्यूयॉर्क शहरीं तें गीत गाइलें गेलें. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारांतून गोंधळ्याचें किंवा वासुदेवाचें गाणें जसें या गांवाहून त्या गांवास जातें, तसाच हा प्रकार. मोठ्या गवयांनीं नव्हे, राजदरबारांनीं नव्हे, तर एका कारागिरानें आणि हातमोजे विकणाऱ्या भावंडांनीं हें गीत जगाच्या बाजारांत नेलें.

परंतु ह्या प्रवासांत एक गोष्ट मागें राहिली. ती म्हणजे कर्त्यांचीं नांवें. छापलेल्या कागदावर मोरही नव्हता आणि ग्रूबरही नव्हता. इतकी सुंदर चाल एखाद्या खेड्यांतील पंतोजीची असेल, हें शहाण्या लोकांस खरेंच वाटेना. कोणी म्हणे ती हायडन ह्या थोर संगीतकाराची; कोणी म्हणे त्याचा भाऊ मिखाएल हायडन ह्याची. अखेरीस १८५४ मध्यें बर्लिनच्या राजाच्या गायकवृंदाकडून साल्झबर्गला चौकशी आली, कीं ह्या गीताचा मूळ कर्ता मिखाएल हायडनच काय ? ही चौकशी ग्रूबरच्या एका मुलाच्या द्वारें ग्रूबरपर्यंत पोंचली. तेव्हां तो ६७ वर्षांचा होता आणि हालाइन गांवीं मंदिराच्या संगीताचें काम पाहत होता. त्यानें त्या वर्षाच्या डिसेंबरच्या ३० व्या तारखेस गीताच्या उत्पत्तीची साधी हकीकत लिहून काढली, आणि तींत शब्दांचा मान आपल्या मित्राला दिला. मित्र मात्र तें वाचावयास उरला नव्हता. मोर १८४८ च्या डिसेंबरांत वाग्राइन ह्या डोंगरी गांवीं वारला होता. जें होतें तें त्यानें गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठीं खर्चून टाकलें होतें. त्याच्या प्रयत्नानें तेथें शाळा उभी राहिली. जिवंतपणीं त्याचें चित्रसुद्धां कोणीं काढलेलें नव्हतें.

तरीही शंका घेणारे शंका घेतच राहिले. ती शंका फिटली ती १९९५ मध्यें. त्या वर्षीं मोरच्या स्वतःच्या हस्ताक्षरांतील गीताचा एक कागद सांपडला. तज्ज्ञांच्या मतें तो १८२० च्या आसपासचा आहे. त्यावर शब्द आपले व १८१६ मधील असल्याचें मोरनें लिहिलें आहे, आणि चालीपुढें ग्रूबरचें नांव घातलें आहे. ह्यावरूनच कविता १८१८ मधील नसून दोन वर्षें आधींची आहे हें प्रथम जगाला कळलें. एका मित्रानें १८५४ मध्यें शब्दांचें श्रेय दुसऱ्यास दिलें, तर दुसऱ्यानें त्याच्याही पुष्कळ आधीं चालीचें श्रेय पहिल्यास देऊन ठेविलें होतें. दोघांपैकीं कोणींही सर्व मान आपल्याकडे ओढला नाहीं. ह्या गीतांतील शांति कोठून आली असें आम्हांस कोणीं विचारलें, तर आम्ही ह्या दोन कागदांकडे बोट दाखवूं.

गीताला पुढें जो मान मिळाला त्याची हकीकत मोठी आहे. येथें थोडीच सांगतों. न्यूयॉर्कच्या जॉन फ्रीमन यंग ह्या धर्मगुरूनें १८५९ मध्यें सहांपैकीं तीन कडव्यांचें इंग्रजी केलें, आणि जगभर आज बहुधा तींच तीन गाइलीं जातात. पहिल्या महायुद्धांत १९१४ च्या नाताळांत पश्चिम आघाडीवर पुष्कळ ठिकाणीं समोरासमोरच्या खंदकांतील सैनिकांनीं आपण होऊन लढाई थांबविली. त्या वेळीं जी गीतें ऐकू आलीं त्यांत हेंही होतें. दोन्ही बाजूंना तें आपापल्या भाषेंत येत होतें. दुसऱ्या दिवशीं किंवा त्यापुढें बंदुका पुन्हां सुरू झाल्या, हेंही खरें आहे. गीतानें युद्ध संपविलें असें म्हणणें म्हणजे पुन्हां उंदरांची कथा रचण्यासारखें होईल. परंतु ज्याला आपण शत्रु म्हणतों त्यालाही आपलेंच गीत येतें, हें एकदां कळलें म्हणजे तें पुरतें विसरतां येत नाहीं. पुरानें खिळखिळें झालेलें सेंट निकोलसचें मूळ मंदिर विसाव्या शतकाच्या आरंभीं पाडण्यांत आलें. त्याच्या जागीं १९३७ मध्यें एक लहानसें स्मारकमंदिर झालें. २०११ मध्यें ऑस्ट्रियानें ह्या गीताचा समावेश युनेस्कोच्या धोरणानुसार केलेल्या आपल्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादींत केला. २०१८ मध्यें त्याला दोनशें वर्षें झालीं, आणि तें तीनशेंहून अधिक भाषांत गाइलें जातें असें सांगतात.

इतक्या भाषांना तें मानवलें कसें ? आमच्या मतें त्याचें कारण त्याच्या ठेक्यांत आहे. त्याची लय सहा मात्रांची, तीन आणि तीन अशी झोके घेणारी आहे. आपल्या दादऱ्याच्याही मात्रा सहाच, आणि आपल्या कित्येक पाळण्यांना असाच झोका असतो. राम, कृष्ण, शिवाजी ह्यांचे पाळणे म्हणणाऱ्या बायकांच्या देशांत बाळ ख्रिस्ताला निजविणारें गीत परकें कसें वाटावें ? आज तें फार संथ म्हणतात. ग्रूबरनें लिहिलेली मूळ चाल थोडी अधिक हालती होती. पाळण्याची दोरी हातांत असलेल्या आईला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाहीं. शिवाय ह्या गीताला मोठें वाद्य लागत नाहीं आणि मोठा गळाही लागत नाहीं. जें ओसरीवर बसून म्हणतां येतें, तें सर्वत्र जातें.

तथापि एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मागील स्नेहसंमेलनानंतर एक वडीलधारे पालक आम्हांस प्रेमानें म्हणाले, “सर, गाणें गोड आहे, पण आपल्या मुलांनीं आपल्या मातीचें गावें, परक्या चालीचें ओझें कशास?” हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं, कारण तो ख्रिस्ती मराठी लोकांच्याही मनांत फार पूर्वींपासून आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्यें त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथें छापून काढलें. येशूच्या जन्माची कथा त्यानें ओवींत सांगितली, कारण येथल्या माणसांच्या कानांना ओवीची ओढ आहे हें त्यानें ओळखलें. आमच्या जालन्याकडे १८६० नंतरच्या काळांत मिशनचें काम उभें करणारे आणि बेथेल नांवाचें गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे स्वतः मराठी होते. पुढें अहमदनगरास रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं तर हा प्रश्न जन्माचा केला. ते १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले, आणि १९१९ मध्यें वारेपर्यंत त्यांनीं मराठी ख्रिस्ती लोकांच्या हातीं अभंग, भजन आणि कीर्तन दिलें. ‘उपासनासंगीत’ ह्या आमच्या गीतसंग्रहांत दोनशेंहून अधिक गीतें एकट्या टिळकांचीं आहेत. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. आणि त्या तर लग्नानंतर लिहावयास-वाचावयास शिकल्या होत्या.

तेव्हां आपल्या मातीचें गावें हें म्हणणें योग्यच आहे. फक्त माती कोणती हें नीट पाहिलें पाहिजे. ज्या मिरचीच्या बाजारानें पिंपळगाव रेणुकाई ओळखलें जातें, ती मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज लोकांनीं ती ह्या देशांत आणली. भजनाला ज्या पेटीवांचून चालत नाहीं, त्या पेटीचें मूळ वाद्य पॅरिस येथें १८४२ मध्यें नोंदविलें गेलें. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजच. आज ठेच्याला परका कोण म्हणतो ? आणि भजनी मंडळाची पेटी परत फ्रान्सला पाठवा असें कोण म्हणेल ? आपल्या शेतांत जें रुजलें, आपल्या हातांनीं ज्याची निगा राखली, तें आपलें. म्हणून आमच्या मुलांनीं टिळकांचें भजन टाळ धरून म्हणावें, आणि ग्रूबरचें गीतही म्हणावें. एकाचा मान राखण्यासाठीं दुसऱ्याचा अपमान करण्याचें कारण नाहीं.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे वळतों. मोर आणि ग्रूबर ह्यांचीं नांवें जवळ जवळ पुसलीं गेलीं होतीं. एक चौकशीचें पत्र आणि एक जुना कागद ह्यांमुळें तीं वांचलीं. परंतु आपल्या गांवांतून ज्या गीतांचे कर्ते पुसले जात आहेत, त्यांच्याविषयीं बर्लिनहून कोण पत्र पाठविणार ? पिंपळगावांत काय किंवा शेजारच्या गांवांत काय, प्रत्येक घरीं जातें होतें, आणि प्रत्येक जात्यावर ओवी होती. भावासाठीं, माहेरासाठीं, गेलेल्या लेकरासाठीं, विठोबासाठीं, रेणुकाईसाठीं, येशूसाठीं बायकांनीं पहांटेच्या अंधारांत ओव्या केल्या. पुढें दळणाची गिरणी आली. आयाबायांचे हात दुखावयाचे थांबले, हें फार चांगलें झालें. त्या कष्टाचें गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. पण गिरणीच्या घरघरींत ओवी म्हणतां येत नाहीं. जातें कोपऱ्यांत गेलें, आणि ओवी म्हाताऱ्या बायकांच्या आठवणींत उरली.

पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ ह्या विद्वानांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांच्या कामांतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्यांनीं नुसती ओवी उतरून घेतली नाहीं. ती कोणीं म्हटली, तिचें नांव काय, गांव कोणतें, हेंही नोंदविलें. साल्झबर्गमध्यें जें सांपडावयास पावणेदोनशें वर्षें लागलीं, तें त्यांनीं ओवीबरोबर त्याच दिवशीं लिहून ठेविलें. आमच्या आईच्या त्या दोन ओव्या कोणत्याही संग्रहांत नाहींत. आम्हीं त्या एका वहींत उतरून खालीं तिचें नांव घातलें आहे. ती आतां नाहीं. परंतु आमच्या मुलींना त्या ओव्या येतात, आणि त्या आजीच्या आहेत हेंही त्यांना माहीत आहे.

ह्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं, निदान त्याच्या आजोळीं, अशी एखादी आजी किंवा पणजी आहे, जिला दहावीस ओव्या किंवा एखादा पाळणा येतो. त्यांतील कांहीं तिनें इतरांकडून ऐकलेल्या असतील, कांहीं तिच्या स्वतःच्या असतील. तिला विचारल्यावांचून तें कळावयाचें नाहीं. ती पहिल्यानें म्हणेल, “मला नाही येत काही.” पंतोजीची चाल पंतोजीची नाहीं असें शहाण्या लोकांना वाटलें, तसें तिचें स्वतःचें गीत गीत नव्हे असें तिला वाटत असतें. तिच्याजवळ बसावें, घाई करूं नये, आणि एक कडवें आठवलें कीं दुसऱ्याची वाट पाहावी. हल्लीं बहुतेकांच्या खिशांत मोबाइल असतो. त्यांत तिचा आवाजही धरून ठेवतां येईल. पालकांस आमची विनंती आहे, कीं ह्या कामांत मुलांना हांसूं नये. जमल्यास त्यांच्याबरोबर स्वतःही तेथें बसावें.

येत्या उन्हाळ्याच्या सुटींत हें काम करावें. जीं गीतें मिळतील त्यांतील निवडक गीतें, म्हणणारीची परवानगी घेऊन, पुढील वर्षींच्या मराठी विभागांत छापण्याचा आमचा विचार आहे. धर्म कोणता, जात कोणती, हें पाहिलें जाणार नाहीं. गीत खरें आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें जाईल. वहीच्या पानावर तीन रकाने आंखावे. पहिल्यांत गीत लिहावें, जसें ती म्हणेल तसें, तिच्याच बोलींत; तें शुद्ध करण्याच्या भानगडींत पडूं नये. दुसऱ्यांत तिचें संपूर्ण नांव आणि गांव लिहावें. आणि तिसऱ्यांत, तिनें तें कोणासाठीं केलें किंवा कोणासाठीं म्हटलें, हें विचारून लिहावें. तिसरा रकाना भरावयास सर्वांत अधिक वेळ लागेल. परंतु तो रिकामा ठेवूं नये.